जीप म्हणायचो ती

हँडल. बंपरच्या भोकातून आत घालून फिरवायचं ते. आमच्या चुलत्यांच्या जीपचं हँडल सीटखाली गोणपाटात गुंडाळलेलं असे. पहिल्यांदा माझ्या हातात दिलं तेव्हा त्यांनी एवढंच बजावलं: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, दांड्याला विळखा घालू नको. इंजिन उलटं झटकलं की मनगट गेलंच. थंडीत, उसाच्या तोडी चालू असताना, पहाटे सात-आठ हिसके तरी द्यावे लागत. आता कशाचंही हँडल धरलं तरी माझा अंगठा आपोआप बाजूला होतो. पोरांना वाटतं, बोट दुखतंय.

लो बॉनेट. बुटक्या तोंडाची, डिस्पोजलची. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडने आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. युद्ध संपलं आणि लष्कराच्या लिलावांतून त्यातल्या काही आपल्याकडच्या ठेकेदारांच्या, बागायतदारांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तिचे पुढचे दिवे मागं वळवून बॉनेटखालच्या इंजिनावर उजेड पाडता येई. गाडी रात्री रस्त्यात बंद पडणारच, हे करणाऱ्याने धरूनच चाललेलं.

हाय बॉनेट. आमची ती हीच. विलीजने १९५३ साली जीपला नवं इंजिन बसवलं, ते उंचीला जास्त. जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. सीजे-३बी. दिसायला चांगली म्हणवत नाही. हनुवटी वर करून बसलेल्या हट्टी म्हाताऱ्यासारखी दिसते. महिंद्रा मुंबईत माझगावला चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून विलीजचे सुटे भाग आणून जोडतच होते; पुढं हे मॉडेल इथंच तयार व्हायला लागलं. अमेरिकेत ते १९६८ साली थांबलं. आपल्याकडं मात्र त्याच तोंडवळ्याच्या गाड्या नावं बदलत कित्येक वर्षं निघत राहिल्या. पेट्रोल परवडेना तेव्हा लोकांनी इंजिनं उतरवून डिझेलची बसवली. चुलत्यांनीही बसवलं. मग हँडलची गरज उरली नाही, पण गोणपाट सीटखालीच राहिलं.

तीन दांड्या. एक गिअरची, शेजारी दोन बुटक्या, पुढच्या चाकांना जोर द्यायची आणि हाय-लोची. काळ्या रानात गाडी फसली की गावातला जो माणूस या दोन दांड्या बरोबर ओढी, त्याला मान असे.

लाल त्रिकोण. कुटुंब नियोजनाच्या जीपवरचा. ती दिसली की काही माणसं घाईघाईनं रानात निघून जात.

बीडीओची जीप, तहसीलदारांची जीप, साखर कारखान्याच्या शेतकी खात्याची जीप. घोडगंगा कारखाना आमच्या न्हावऱ्यातच, त्यामुळं शेवटच्या जीपचा आवाज आम्ही न बघता ओळखत असू. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा चिटबॉय सायकलवर, साहेब जीपमध्ये. निवडणुकीची जीप वेगळी: तिच्या मागं धुराळ्यात पळायचं आणि उडवलेली पत्रकं गोळा करायची. पाठकोऱ्या कागदावर गणितं करायला बरी पडत.

वडाप. माणसं भरून पळणारी खासगी गाडी, शिरूर-न्हावरे-चौफुला. कमांडर, मग मार्शल, मग ट्रॅक्स. सगळ्यांना जीपच म्हणायचं, कंपनी कुठली का असेना. नऊ-दहा जणांच्या गाडीत सोळा-सतरा. फ्रंटला चार, म्हणजे ड्रायव्हर अर्धा बाहेर, एक हात स्टिअरिंगला आणि एक टपाच्या पाइपला. मागं फाळक्यावर पोरं उभी. गिअरच्या दांडीशी जो बसे त्याला ड्रायव्हर दर वळणाला नुसतं म्हणे, “पाव्हणं, गुडघा.” की पाव्हण्यानं गुडघा उचलायचा, गिअर पडायचा, गुडघा खाली. शिरूरपर्यंत पाव्हणा निम्मा ड्रायव्हर होऊन उतरायचा. भाडं मात्र पूर्ण.

आता फाट्यावर इको, अर्टिगा, बोलेरो उभ्या असतात, आणि प्रत्येकीला तिच्या नावानं हाक मारतात.

रांजणगाव. गेलेल्या गोष्टींच्या या यादीत हे बसत नाही, कारण हे गेलेलं नाही, आलेलं आहे. विलीजचं जीप हे नाव पुढं कायझर, एएमसी, क्रायस्लर, फियाट असं हातोहात गेलं, आणि २०१७ साली जीप कंपनीची कंपास आमच्याच शिरूर तालुक्यात, महागणपतीच्या रांजणगावच्या एमआयडीसीत, फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात तयार व्हायला लागली. ऑस्ट्रेलिया-जपानपर्यंत गेली. विलीजची सख्खी नात रँग्लर, तीही २०२१ पासून इथं जुळवायला लागले.

मधल्या काळात आणखी एक झालं. महिंद्रांनी तो जुना तोंडवळा २०१८ साली रॉक्सर नावानं अमेरिकेतच नेला. हा चेहरा आमचा, म्हणून जीपवाल्यांनी तक्रार केली. २०२० साली तिथल्या व्यापार कमिशननं निकाल जीपवाल्यांच्या बाजूनं दिला, आणि रॉक्सरला तोंड बदलावं लागलं. हे मी चुलत्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी आधी कमिशन किती, असं विचारलं असतं.

शेजारचा पोरगा रांजणगावला कामाला जातो. सकाळी कंपनीची बस येते. त्याला एकदा विचारलं, काय बनवता रे तिकडं?

“कंपास.”

म्हणजे जीपच की.

“नाय ओ नाना. जीप वेगळी. ही एसयूव्ही.”