आईची मशेरी

आईनं मशेरी कधी सुरू केली हे तिलाही नीट सांगता येत नाही. लग्न होऊन आली आणि सासूच्या डबीत बोट बुडवायला लागली, एवढंच आठवतं. आमच्या कराडकडच्या गावात त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आजही फारसं वाटत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठायचा, मग कुस्करून डबीत भरायची. सकाळी दात घासायला, दुपारी जेवण झाल्यावर, संध्याकाळी उंबऱ्यात बसून बायकांशी बोलता बोलता. "मिसरी लावल्याबिगर प्वाट साफ हुत न्हाई," हे तिचं ठरलेलं उत्तर. तंबाखू खातेस म्हटलं तर मात्र तिला राग यायचा. तंबाखू गडीमाणसं खातात, बायका दात घासतात, असा तिचा हिशोब.

डाव्या बाजूला खालच्या हिरडीजवळ, गालाच्या आतून, पांढरट चट्टा होता. तिचं बोट नेमकं तिथंच फिरायचं. चट्टा किती वर्षं होता कुणास ठाऊक. दुखत नव्हता, त्यामुळे कुणी त्याचा विषयच काढला नाही. त्रास सुरू झाला तो तिखटानं. ठेचा-भाकरी खाणारी बाई आमटीतसुद्धा पाणी घालून घ्यायला लागली. मग त्या बाजूची दाढ हलायला लागली. उष्णता झाली म्हणून सब्जा, गुलकंद, तोंड आल्याचं मलम, सगळं करून झालं.

शेवटी एका दवाखान्यात दाढ काढली. मशेरी लावता का, हे तिथं कुणी विचारलं नाही. दाढेची जखम एरवी आठवडा-दोन आठवड्यांत भरून येते. ही भरेचना. उलट खड्ड्यातून मांस वर आल्यासारखं दिसायला लागलं. पुन्हा गेलो तर गोळ्या बदलून दिल्या.

माझ्या मावसबहिणीची सून नर्स आहे. सणाला आली होती. तिनं मोबाईलच्या उजेडात आईचं तोंड बघितलं आणि मला परसात बोलावून म्हणाली, "मावशी, ही दाढेची जखम नाही. तुकडा तपासायला द्या." भावाचा विरोध होता. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. असं होत नाही आणि तुकडा तपासल्याशिवाय निदानही होत नाही, हे तिनंच त्याला समजावलं. जागा बधिर करून तांदळाएवढा तुकडा काढला. रिपोर्टात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर, असं लिहून आलं. मी तो कागद पर्समध्ये ठेवला आणि घरी दोन दिवस काही बोलले नाही.

मग मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये. जाताना तपासणीच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक, दोन्ही मागून घेऊन गेलो. नुसत्या रिपोर्टावर भागत नाही, तिथले डॉक्टर काचा स्वतः पुन्हा बघतात. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथं आमच्यासारखीच माणसं. नाकात नळी घातलेला पोरगा दिसला, पंचविशीचासुद्धा नसेल. गुटखा.

आई सगळ्यांना एकच विचारायची, "मलाच का?" एका तरुण डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं रेघा ओढून सांगितलं. तोंडाच्या आतलं अस्तर सतत नवं होत असतं. तळाच्या पेशी दुभागतात, नव्या वर सरकतात, जुन्या झडून जातात. दर वेळी पेशीतल्या डीएनएची नक्कल निघते. तंबाखूतल्या नायट्रोसामाइन नावाच्या द्रव्यांमुळे त्या डीएनएत बिघाड होतो. भाजताना तंबाखू जळते, त्यातून आणखी घातक द्रव्यांची भर पडते. बरेचसे बिघाड शरीर दुरुस्त करतं, फारच बिघडलेली पेशी मारून टाकतं. यावर राखण ठेवणारं पी53 नावाचं जनुक असतं. वर्षानुवर्षं एकाच जागेवर मारा होत राहिला की कधीतरी ते जनुकच बिघडतं, मग पुढच्या चुका साठत जातात. आधी अस्तर जाड होतं, चट्टा दिसतो. मग पेशींची ठेवण बिघडते, पण त्या अजून अस्तराच्या आतच असतात. अस्तराखालचा पातळ पडदा ओलांडून त्या खाली शिरल्या की तो कॅन्सर. तिथून मानेतल्या गाठींत. याला बहुतेक वेळा कित्येक वर्षं लागतात, आणि सगळेच चट्टे तिथवर जात नाहीत.

मी विचारलं, शेजारच्या काकू ऐंशीच्या आहेत, जन्मभर मशेरी लावतात, त्यांना कसं काही नाही? ते म्हणाले, बिघाड नेमका कुठल्या जनुकात होईल हे ठरलेलं नसतं, आणि दुरुस्तीची ताकद सगळ्यांची सारखी नसते. मशेरीनं धोका वाढतो, पण तो कुणाच्या वाट्याला येईल ते सांगता येत नाही. हे उत्तर मला पटलं, पण आवडलं नाही. वहिनीनं आईचं ताट-पेला वेगळा काढला होता, तेही विचारून घेतलं. हा आजार उष्ट्यानं लागत नाही.

ऑपरेशनमध्ये चट्ट्याचा भाग, जबड्याच्या हाडाची कड आणि मानेतल्या गाठी काढल्या. त्यानंतरचा शेक, म्हणजे रेडिएशन, कराडलाच घेतला, आठवड्यातून 5 दिवस, साधारण 6 आठवडे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो बसला, पण मंजुरी आधी घ्यावी लागते, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवावं लागतं. शेकाआधी दात तपासून किडलेले काढून घेतात, तो टप्पा चुकवू नये. शेकानंतर त्या जागचा दात काढला तर हाड भरून यायला फार त्रास होतो.

सगळ्यात अवघड गेलं ते तोंड उघडणं. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची, असा व्यायाम दिला होता. आई रडायची, काड्या फेकून द्यायची. मी त्या धुऊन पुन्हा हातात द्यायचे. आता मऊ भात, पेज, दुधात कुस्करलेली भाकरी जाते. लाळ कमी सुटते, म्हणून पाण्याची बाटली सतत जवळ लागते. तिखट अजून चालत नाही. तपासणीला ठरल्याप्रमाणे जातो, आतापर्यंत ठीक आहे.

मशेरी सोडताना आईला खरंच पोटाचा त्रास झाला, चिडचिडही फार. सकाळी उठल्याउठल्या कोमट पाणी आणि तोंडात बडीशेप, यावर काही महिने काढले. वहिनी मात्र अजून लावते, आता आमच्यासमोर नाही. तंबाखू सोडवायला मदत करणारा सरकारी फोन आहे, 1800-11-2356, पैसे पडत नाहीत. तिला लिहून दिलाय. अजून तिनं लावलेला नाही. दर महिन्याला तिचं तोंड मात्र मी टॉर्च घेऊन बघते, आणि ती बघू देते.