मशालवाली माणसे

शिकागोहून वायव्येला गेले की विस्कॉन्सिनात लेक जिनिव्हा नावाचे टुमदार गाव लागते. तळे, होड्या, सुटीला आलेली बिऱ्हाडे. मला मात्र ओढ होती ती सेंटर स्ट्रीटवरच्या एका साध्या घराची. येथे राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सने डेव्ह आर्नेसनबरोबर रचलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली निघाला. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचे आणि राक्षसांच्या भुयारात शिरायचे! गायगॅक्सने प्रथम आपल्या पोरांनाच त्यात उतरवले.

त्या जगात एल्फ शेकडो वर्षे जगतात, ड्वार्फांना अंधारात दिसते. माणूस बिचारा मशाल विझली की आंधळा. पण जुन्या नियमांत ड्वार्फ योद्धा सहाव्या पायरीवर थांबे, हॉबिट चौथ्या. माणसाला मर्यादाच नव्हती. उघड पक्षपात, पण मला तो पटतो. ज्याच्यापाशी सत्तर-ऐंशीच वर्षे, तो घाईने चढणारच.

२००० सालच्या नियमांनी सर्वांचीच मर्यादा उठवली. माणसाच्या पदरी भरपाईदाखल एक जादा कसब पडले. मशाल मात्र अजूनही त्याला लागतेच.