सेल्फ भरायचा की नवा टाकायचा?

आजची नोंद भाताची नाही, ट्रॅक्टरच्या सेल्फची आहे. पण भातही त्यात येतंच, कारण सेल्फ बंद पडला तो ऐन लावणीत.

आमचं शेत रोह्याजवळ, कुंडलिकेच्या खोऱ्यात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि चिखलणी-लावणीचे खरे दिवस मिळतात ते पंधरा-वीस. गेल्या वर्षी जुलैत कर्जत-3 चं रोप 22 दिवसांचं झालेलं. ही हळवी जात. रोप 21 ते 25 दिवसांत लावलं तर फुटवे धरतात, राबातच म्हातारं झालं की मग कितीही खत घाला, फुटवा कमीच. बाया सांगून ठेवलेल्या, बांधावर मुठी टाकलेल्या, आणि ट्रॅक्टर चावी फिरवली की नुसता "टक" करून गप्प.

तसं लक्षण महिनाभर आधीपासून होतं. सकाळी सेल्फ जड फिरायचा, कण्हल्यासारखा. मी रोज रात्री ट्रॅक्टर उतारावर लावायचो आणि सकाळी ढकलून चालू करायचो. जेवायला बसलो तरी इंजिन चालूच ठेवायचो. डिझेल जळत होतं ते दिसत नव्हतं, सेल्फच्या खर्चाचे पैसे वाचतायत एवढंच दिसत होतं.

त्या दिवशी खाचरात इंजिन बंद पडलं. उतार कुठला, गुडघाभर चिखल. मुलगा म्हणाला, "बाबा, थांबा, डायरेक्ट करतो." मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, चाकाच्या पुढे उभा राहिला आणि सेल्फचे दोन बोल्ट जोडले. ठिणगी उडाली, इंजिन लागलं आणि ट्रॅक्टर पुढे निघाला. गिअर पडलेला होता, सीटवर कोणी नाही. पोरगा बाजूला उडी मारून चिखलात पडला, मागचं चाक त्याच्या पायापासून हातभरावरून गेलं. मी धावत जाऊन बंद करायची दोरी ओढली तेव्हा पुढची चाकं बांधाला लागलेली. लावणीच्या बाया ओरडत होत्या. माझे हातपाय तासभर थरथरत होते.

ट्रॅक्टर न्यूट्रलला नसेल तर, किंवा क्लच दाबला नसेल तर, सेल्फ लागू नये म्हणून कंपनी स्विच देते. सेल्फवरच तार जोडली की तो स्विच बाजूला पडतो. जगभर ट्रॅक्टरखाली माणसं मेली आहेत त्यातली बरीच अशी, जमिनीवर उभं राहून चालू करताना. हे मला ऐकून माहीत होतं. तरी मी पोराला अडवलं नाही, कारण मला घाई होती.

दुसऱ्या दिवशी सेल्फ काढून रोह्यातल्या मिस्त्रीकडे नेला. मुलाचं म्हणणं, "बाबा, आता भरत बसू नका, नवाच टाका." माझं म्हणणं, आधी खोलू द्या. मिस्त्रीने टेबलावर सगळा उघडून दाखवला. कार्बन स्प्रिंगपर्यंत झिजलेले. बुश सैल, त्यामुळे आर्मेचर थोडं हलत होतं. बेंडिक्सचे दात बोथट. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळून काळे. पण आर्मेचर मशीनवर धरून तपासलं तर शॉर्ट नव्हतं, कॉइल शाबूत, नाकाला तडा नाही.

मग हिशेब मांडला. कार्बन 350, बुश 300, बेंडिक्स 850, सोलेनॉइड 700, मजुरी 500. एकूण 2,700. कंपनीचा नवा 8,200, पण तो पनवेलहून यायला दोन दिवस. दुकानात लगेच मिळणारा बिननावाचा 4,200 ला. मिस्त्रीचा नियम साधा होता. तो म्हणाला, "काका, भरायचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवा घ्या. आर्मेचर जळलं असतं तर मीच सांगितलं असतं, पैसे घालू नका. बिननावाचा मात्र घेऊ नका. वजन हातात घेऊन बघा, तांबं किती असेल ते कळेल." दोन्ही हातात घेऊन पाहिले. फरक होता.

इथे एक हिशेब मी आधी धरलाच नव्हता. ट्रॅक्टर उभा असताना शेजारचा ट्रॅक्टर ताशी हजार रुपयांनी सहा तास घेतला. म्हणजे सेल्फला 2,700 आणि थांबण्याला 6,000. हेच काम मे महिन्यात केलं असतं तर दुसरा आकडा शून्य होता. मिस्त्री संध्याकाळपर्यंत भरून देणार होता, म्हणून भरायला दिला.

रात्री बॅटरीच्या उजेडात बसवला. चावी फिरवली. परत तोच जड आवाज! इंजिन लागलं, पण कण्हत. मुलगा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं 2,700 पाण्यात गेले.

सकाळी मिस्त्री स्वतः शेतावर आला, खिशात मीटर. बॅटरी बंद असताना 12.6 व्होल्ट. सेल्फ फिरताना बॅटरीवर 11. मग त्याने मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरी सेल्फच्या अंगाला लावून चावी फिरवायला लावली. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं, आलं 1.8. म्हणजे तेवढं बळ अर्थिंगच्या तारेतच मरत होतं. सेल्फ दोनशे अँपिअर आणि त्याहून जास्त ओढतो. एका ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा असला तरी दोन व्होल्ट गेले समजा.

अर्थिंगचा बोल्ट खोलला आणि मीच खजील झालो. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला ट्रॅक्टरला रंग मीच दिलेला. बोल्टखालची जागा न घासता रंगावरच तार आवळलेली. वरून दोन पावसाळ्यांचा चिखल आणि गंज. सेल्फला पुरतं बळ मिळत नव्हतं, म्हणून तो जास्त वेळ फिरायचा, तापायचा, कार्बन आणि संपर्क लवकर गेले. पॉलिश पेपरने जागा चकचकीत केली, 180 रुपयांची नवी जाड तार टाकली, वर ग्रीस. चावी लावली तर अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं.

मुलाचं ऐकून 8,200 चा नवा बसवला असता तर तोही त्याच रंगावर बसून कण्हला असता. आणि माझं ऐकून नुसता भरून ठेवला असता तर पुढच्या वर्षी परत मिस्त्रीच्या टेबलावर. आम्ही दोघं भरायचा की नवा यावर भांडत होतो, आणि खरा दोष सेल्फच्या बाहेर होता.

म्हणून सांगतो, सेल्फ जड वाटला की सोडवण्याआधी मीटर लावा. बॅटरीच्या खुंट्या, पॉझिटिव्हची तार, अर्थिंग, या क्रमाने बघा. "टक" करून थांबला तर बॅटरी, तारा आणि सोलेनॉइड बघा. नुसता घुर्र फिरला आणि इंजिन हललं नाही तर बहुधा बेंडिक्स. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर फिरवू नका, मध्ये दोन मिनिटं गार होऊ द्या. धुताना पाण्याची धार त्याच्यावर मारू नका.

एका गोष्टीत मात्र मुलगा बरोबर निघाला. त्याने क्लचखालचा स्विच तपासला, तर तो आधीच्या कोणीतरी तार जोडून कायमचा बंद करून ठेवलेला. तोही नवीन बसवला. आता क्लच दाबल्याशिवाय ट्रॅक्टर चालू होत नाही.

यंदाची दुसरी लावणी त्याच सेल्फवर झाली. आणि तो मोठा स्क्रूड्रायव्हर ट्रॅक्टरच्या पेटीतून काढून हिने घरात आणून ठेवलाय. विचारला तर देत नाही.