मावळच्या खाचरांवरचं आभाळ

वाशीच्या एपीएमसी मार्केटात वर्षाचा तांदूळ भरायला गेलेली गृहिणी इंद्रायणीच्या पोत्यापाशी थांबल्याशिवाय राहात नाही. हा तांदूळ मावळचा. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. मऊ, किंचित चिकट, आणि शिजताना घरभर वास! (नव्या तांदळाला पाणी बेतानेच घाला बरं का, नाहीतर आसट भात पानात वाढावा लागतो.) पण ज्या खाचरांत हा भात पिकतो, त्याच खाचरांत कापणी झाली की आभाळातून माणसं उतरतात, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

गावाचं नाव कामशेत. कार्ल्याच्या एकवीरेला जाणाऱ्या आपण सगळ्याजणी त्याच्या जवळून जातो. लोणावळ्याहून पुणे लोकल धरली की मळवलीनंतरचं स्टेशन कामशेतच. आमच्या धाकट्या वन्संनी तिथे पॅराग्लायडिंग शिकायचं ठरवलं, आणि घरात जे व्हायचं ते झालं. "लग्नाच्या पोरीनं हातपाय मोडून घ्यायचे का?" हा सासूबाईंचा सवाल. हे नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. शेवटी तोड निघाली ती अशी, की मी सोबत जायचं आणि सगळं डोळ्यांनी बघून यायचं. म्हणजे काही झालं तर बोल माझ्याकडे!

हा खेळ तसा फार जुना नाही. फ्रान्समधल्या मिय्यूसी नावाच्या डोंगराळ खेड्यात १९७८ साली तिघा छत्रीधारी उडी मारणाऱ्यांनी विमानाचा खर्च वाचवण्यासाठी डोंगरउतारावरूनच धावत सुटायचं ठरवलं, तिथून तो वाढला. कामशेतला संजय आणि अ‍ॅस्ट्रिड राव या दांपत्याने १९९७ साली निर्वाणा अ‍ॅडव्हेंचर्स ही शाळा काढली, पुढे टेंपल पायलट्ससारख्या आणखी संस्था आल्या. टॉवर हिल आणि शिंदेवाडीचे डोंगर ही इथली नावाजलेली ठिकाणं.

पहिल्या दिवशी वाटलं होतं, पोरीला सरळ कड्यावरून ढकलतील. तसलं काही नाही. आधी मैदानातच कापड डोक्यावर उभं करायला शिकवतात. त्या पंखाला ना काठी ना सांगाडा. नुसतं कापड, त्याला शिवलेले कप्पे, आणि पुढून आत शिरणारा वारा. वारा भरला की उशीच्या अभ्र्यासारखा तो फुगतो आणि ताठ होतो. खाली बारीक दोऱ्या, बसायला खुर्चीसारखी पट्ट्यांची बैठक, डोक्यावर हेल्मेट, आणि मोठ्या उड्डाणाला पाठीशी एक जादा छत्री. सगळा संसार एका पाठपिशवीत मावतो! वन्संनी तो दिवस केवळ पळण्यात आणि पडण्यात घालवला.

माझं लक्ष मात्र खाली खाचरात बसलेल्या बायकांकडे होतं. भात कापून झालेला, धसकटं उरलेली, बांधावर गवताचे भारे. एक आजी गुडघे पोटाशी घेऊन वर बघत होत्या. मी विचारलं, "आजी, भीती नाही वाटत तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "पयल्यांदा वाटली. आमी म्हनलं, हे काय भूत उतरलं! आता वारं बगून आमीच सांगतो, ह्यो काय आज उतरत न्हाई नीट."

आणि ते खोटं नव्हतं. उन्हाळ्यात राब भाजतात तेव्हाचा धूर कुठे कलतो, घार पंख न हलवता कुठे गिरक्या घेते, हे त्यांना जन्मापासून माहीत. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, तिच्यावर घार तरंगते, आणि तिच्याच मागे पॅराग्लायडरवालेही जातात. पुस्तकात ज्याला थर्मल म्हणतात ते आजींना घारीवरून कळतं.

आजींचा नातू आधी उतरलेल्यांच्या पिशव्या उचलायचा, कापडाच्या घड्या घालायचा. आता तो स्वतः उडतो. वारा मोजतो, शिकाऊंना हाका मारतो. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. बाहेरच्यांनी यायचं, मौज करायची, आणि गावाच्या वाट्याला फक्त ओझी, असं झालं तर तो खेळ कसला? आफ्रिकेत मलावी देशात असंच काहीसं घडल्याचं वाचलं. बेंजामिन जॉर्डन नावाचा कॅनडाचा एक पायलट तिथल्या खेड्यांतल्या मुलांना पतंग करायला शिकवत फिरला, आणि गॉडफ्रे मसाउली हा तिथला तरुण त्या देशाचा पहिला पॅराग्लायडिंग पायलट झाला. त्यावर 'द बॉय हू फ्लाइज' नावाचा चित्रपटही निघाला.

आजींना एक नातही आहे, नववीतली. तिचं काय, म्हणून मी विचारलं. सूनबाई भाऱ्याची दोरी आवळत म्हणाली, "पोरगी वर गेली तर गाव काय म्हनंल, ताई?" मुंबईची सासू आणि मावळची सून, प्रश्न एकच! नात मात्र वन्संच्या हेल्मेटचा पट्टा लावून बघत होती. आईने पाहिलं, पण काढ म्हणाली नाही.

आणखी एक काळजी तिनेच सांगितली. आजूबाजूची खाचरं बंगल्यांसाठी विकली जाताहेत. तारेचं कुंपण आलं की भातही गेला आणि उतरायची जागाही गेली. "पैका येकदाच येतो, भात दरसाल येतो," हा तिचा हिशेब. तिचं अजून विकायचं ठरलेलं नाही. दिरांचं मात्र जवळजवळ ठरलंय.

चौथ्या दिवशी वन्सं छोट्या टेकाडावरून उडाल्या. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा त्या धसकटांत बसलेल्या, आणि नववीतली पोरगी त्यांच्याआधी कापड गोळा करायला धावलेली.

कुणाला जायचं असेल तर ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम, पावसाळ्यात उड्डाणं बंद. शिकायचं नसेल तर अनुभवी पायलटच्या पुढ्यात बसूनही वर जाता येतं. साडी नको, गवताला कुसळं फार. बूट घट्ट असावेत. वारा बरा नसला तर दिवस फुकट जातो, तेव्हा डबा दोन वेळचा न्यावा, आणि उतरल्यावर ज्यांच्या खाचरात आपण बसलो त्यांना थोडा द्यावा.