अळणी पाव आणि तुरट वाइन

फ्लॉरेन्सहून दक्षिणेला निघालेली बस साधारण तासाभरात तुम्हाला ग्रेव्हे इन कियांती या गावात उतरवते. (इंग्रजी स्पेलिंग पाहून आपण 'चियांती' म्हणतो, पण तिथे 'च' नाही, 'क'.) गावाचा मुख्य चौक चौकोनी नाही, त्रिकोणी आहे. मध्ये वेराझानोचा पुतळा, १५२४ मध्ये न्यूयॉर्कच्या खाडीत पोहोचलेला तो दर्यावर्दी. कडेला कमानींखाली दुकानं, आणि बहुतेक दुकानांत बाटल्याच बाटल्या.

इथे आलेले पाहुणे आधी काय करतात? दुकानात शिरतात, उभ्याउभ्या दोनतीन घोट चाखतात आणि तोंड वाकडं करतात. मीही तेच केलं. आंबट, वर तुरट, हिरड्या कोरड्या पडलेल्या. अर्धवट जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते ना, अगदी तशी. हिच्यासाठी एवढ्या लांब आलो?

दुपारी एका छोट्या खाणावळीत बसलो, तर दुसरा धक्का. टोपलीतला पाव चक्क अळणी! टस्कनीचा पाव बिनमिठाचाच असतो. मी मीठ मागितलं, तेव्हा मालकीणबाईंनी मान हलवली आणि मेंढीच्या दुधाच्या खारट पेकोरिनो चीजची बशी पुढे सरकवली. आधी पाव, त्यावर चीज, मग वाइनचा घोट. सकाळचीच कियांती, पण तुरटपणा जणू कुणी काढून घेतला होता. आता चेरीची चव कळत होती.

यात जादू काही नाही. तुरटपणा येतो टॅनिनमुळे. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. चीज किंवा मांस खाल्लं की टॅनिनला चिकटायला दुसरी प्रथिनं मिळतात. कोऱ्या चहात दूध घातल्यावर त्याचा तुरटपणा जातो, तसंच हे.

आंबटपणाचंही तसंच. इथल्या सांजोवेझे द्राक्षाचा तो स्वभावच आहे, आणि कियांती क्लासिकोमध्ये हे द्राक्ष किमान ८० टक्के असावंच लागतं. म्हणून टोमॅटोबरोबर तिची छान गट्टी जमते. शिळा पाव, टोमॅटो, तुळशीच्या कुळातली बेसिलची पानं आणि ऑलिव्ह तेल यांचा 'पाप्पा अल पोमोदोरो' मागवा. शाकाहारी असाल तर 'रिबोलिता'ही. नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेली': पांढऱ्या शेंगदाण्यांसारखे दिसणारे घेवड्याचे दाणे, काळपट पालेभाजी आणि पुन्हा तोच शिळा पाव. शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे जेवण परकं वाटत नाही. फक्त सूप मांसाच्या रश्श्यात शिजवलंय का आणि चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट आहे का, हे विचारून घ्या. मांसाहारींसाठी फ्लॉरेन्सचं जाडजूड बीफ स्टेक प्रसिद्ध आहे.

एक गंमत. इथल्या 'फिनोक्किओना' सॉसेजमध्ये बडीशेप असते. लोक सांगतात, पूर्वी वाइन सुमार असली की विक्रेते गिऱ्हाईकाला आधी बडीशेप चारत, म्हणजे दोष कळत नसे. इटालियनमध्ये 'फसवणे' या अर्थाचं एक क्रियापद बडीशेपेवरूनच आलंय म्हणतात. तेव्हा चाखण्याआधी आपली मुखवासाची डबी पिशवीतच राहू द्या.

बाटली घ्यायची असेल तर मानेवरचा काळा कोंबडा शोधा. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या मूळ टापूतल्या 'कियांती क्लासिको'ची ती खूण. नुसती 'कियांती' आसपासच्या बऱ्याच मोठ्या प्रदेशात बनते. कोंबड्याची दंतकथाही आहे. हद्द ठरवायला दोन्ही शहरांतून कोंबडा आरवताच एकेक घोडेस्वार निघणार होता. फ्लॉरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो पहाटेआधीच आरवला आणि बहुतेक जमीन फ्लॉरेन्सला मिळाली. कागदोपत्री हद्द मात्र १७१६ मध्ये कोझिमो तिसरा या ग्रँड ड्यूकने आखून दिली.

चाखताना पेला दांडीला धरा, पातळसर माणकासारखा रंग पाहा, वास घ्या, मग छोटा घोट. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात संकोच नको. गाडी चालवणाऱ्याने तर नक्कीच थुंकावं, कारण तिथे रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. मुलं सोबत असतील तर त्यांच्या हाती जेलातो द्या.

घरी आणलेली बाटली आपल्या उन्हाळ्यात 'खोलीच्या तापमानाला' ठेवू नका. १६ ते १८ अंश हवेत, म्हणून उघडण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये. तिच्यासोबत झणझणीत रस्सा नको, तिखट आणखी जाळतं. कमी तिखटाचा टोमॅटोतला राजमा चालेल. आणि हो, सांजोवेझेचे वेल आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळही आहेत, इटालियन भागीदारांसोबत लावलेले. ती बाटली मिळाली तर तिलाही आधी पाव-चीज द्या, मगच मत बनवा.