मृगातला तेजोमेघ

पुणे, पौष वद्य

चि. मुक्तास,

मृगाच्या पोटात रुतलेल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली द्विनेत्रीतून तुला जो धुरकट डाग दिसला तो कसला, आणि तुझ्या टोरांटोतील मैत्रिणी ज्याला शिकारी म्हणतात त्याला आपण हरिण का समजतो, असे तू विचारलेस. त्याचा खुलासा करायला बसलो खरा, पण निम्मा मजकूर माझ्याच समाधानासाठी उतरत आहे.

हरिणरूपाने आपल्या कन्येचा पाठलाग करणाऱ्या प्रजापतीला व्याधाने बाण मारला, ही कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे. त्यातली रोहिणी, मृग आणि व्याध आजही आकाशात ओळीने दिसतात, आणि लोकमान्यांनी १८९३ साली ‘ओरायन’ ग्रंथात वेदकाळाचा निर्णय केला तो याच नक्षत्राच्या आधारे. तुमच्या पिढीने हे विसरावे, याचे मला फार वाईट वाटते.

आता तो डाग. वाईला काकांनी परसात दुर्बीण लावली ते साल आता आठवत नाही. मात्र ‘डागाकडे रोखून पाहू नकोस, किंचित बाजूला पाहा’ हे त्यांचे शब्द, आणि तसे करताच पाटी पुसल्यावर उरते तशी ती राखाडी छटा दोन्ही अंगांनी पसरत जाऊन तिच्या गाभ्यात अगदी जवळजवळ बसलेले चार बारीक तारे उजळले, ते अजून डोळ्यांपुढे आहे. त्या ताऱ्यांच्या, विशेषतः त्यांतील सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या, अतिनील किरणांनीच भोवतालचा वायू प्रकाशतो, आणि त्याच वायुधुळीतून नवे तारे जन्मतात. तो तेजोमेघ वायूचाच आहे, हे खगोलशास्त्रज्ञ हगिन्स यांनी १८६५ साली वर्णपटावरून दाखविले. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षे. म्हणजे तू पाहिलास तो प्रकाश निघाला तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचा अंमल होता!

छायाचित्रातला तांबडा रंग दिसला नाही म्हणून हिरमुसू नकोस. इतक्या मंद उजेडात डोळ्याला रंग नीट उमगत नाहीत. अमावास्येच्या सुमारास, फोन घरात ठेवून, अर्धा तास अंधारात डोळे स्थिरावू दे, कोपरे कठड्यावर टेक, आणि दुर्बीण मिळाल्यास आधी कमी विवर्धनाने सारा मेघ पाहून मग ते चार तारे वेगळे कर. इथे रस्त्यांवरच्या दिव्यांनी आमचे आकाश पार धुऊन नेले आहे, तेव्हा तुला लाभलेली ही संधी दवडू नकोस. कानटोपी मात्र विसरू नकोस, तिकडची थंडी वाईट.

दिसेल ते कागदावर स्वतःच्या हाताने रेखाट, आणि त्याखाली चार ओळी मराठीत लिहून मला पाठव.

तुझे आजोबा