कायदा कोणता तास मोजतो?

पुणे,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय निखिल,



कार्गो सोडून रीजनल एअरलाइनमध्ये जावं का, हे ठरवताना तू कागदावर दोन रकाने पाडलेले दिसतात. एकीकडे जेट, पगार आणि पुढची वाट. दुसरीकडे रोज रात्री स्वतःचं अंथरूण, डोक्यावर कॅप्टन नसणं आणि एकट्याने विमान चालवण्याचा आनंद. दोन्ही रकान्यांत खोटं काही नाही, पण निकाल त्यांच्या बेरजेतून लागेल असं मला वाटत नाही. अमेरिकेत वैमानिकाच्या नावावर दोन गोष्टी जमत जातात, ज्येष्ठता आणि तास. ज्येष्ठता कंपनीच्या यादीत असते आणि कंपनी सुटली की संपते. दुसरीकडे गेलास की वीस वर्षांचा अनुभवसुद्धा यादीच्या तळाशी बसतो. तास लॉगबुकात असतात आणि तुझ्याबरोबर कुठेही येतात. पण सगळे तास कायद्याच्या लेखी सारखे नाहीत. तू सध्या भरतो आहेस त्या तासांची पुढच्या पायरीसाठी लागणारी किंमत जवळजवळ संपली आहे, आणि एवढ्याच कारणासाठी तू जावंस असं माझं मत आहे.

यामागचा इतिहास तुला माहीत आहे, तरी पुन्हा मांडतो, कारण सगळं त्यावरच उभं आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचं ३४०७ हे विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक अशी पन्नास माणसं गेली. मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकी काँग्रेसचा पिच्छा पुरवला, २०१० मध्ये कायदा झाला, आणि २०१३ पासून प्रवासी एअरलाइनच्या उजव्या खुर्चीतल्या माणसालाही एटीपी (एअरलाइन वैमानिकाचं) लायसन्स, म्हणजे सर्वसाधारणपणे १५०० तास लागू लागले. त्याआधी कमर्शियल लायसन्सवर, अडीचशे तासांतही, तिथे बसता येत असे. (अपघातातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या बरेच वर होते. कायदे करणाऱ्यांना दुखणं कुठे आणि मलम कुठे हे नेहमी दिसतंच असं नाही.) या नियमामुळे तुझ्यासारख्यांच्या कार्गो नोकऱ्यांना नवा अर्थ आला: १२०० तासांना कॅराव्हॅन या लहान विमानावर आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या भरवशावर उडण्याची, कमांड मिळवायची आणि १५०० चा उंबरठा ओलांडायचा. तो तू केव्हाच ओलांडलास. पुढचा उंबरठा वेगळा आहे. एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायचं तर १००० तास एअरलाइनच्याच कामातले हवेत, म्हणजे हवाई नियमांच्या पार्ट १२१ खालचे, किंवा पार्ट १३५ (लहान व्यावसायिक उड्डाणं) मधल्या काही ठरावीक प्रवासी आणि जेट प्रकारांतले. एका इंजिनाच्या कॅराव्हॅनमध्ये खोकी घेऊन केलेली कमांड, ती पाच हजार तासांची असली तरी, त्या हजारात धरली जात नाही. आजपासून वर्षभर तू जे उडशील त्याने हात आणखी तयार होतील. हजारातला एकही तास भरणार नाही.

यावर तुझा पहिला आक्षेप मला दिसतो: खरं वैमानिकपण इथेच शिकायला मिळतं. याला मी हलकं लेखत नाही. शेजारी कुणी नसताना, अंधारात, पंखावर बर्फ धरत असताना लहान धावपट्टीवर उतरणं ही मोठीच शाळा आहे, आणि बर्फाच्या बाबतीत कॅराव्हॅनचा इतिहास इतका वाईट की २००० नंतरच्या दशकात एफएएला (अमेरिकी हवाई नियामकाला) तिच्यावर खास निर्बंध घालावे लागले. पण ज्या शाळेत एकटेपणा हाच मुख्य विषय, तिथे दुसरा विषय कच्चा राहतो. एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये निम्मं कौशल्य बोलण्याचं असतं. दुसऱ्याची चूक वेळेवर आणि नीट शब्दांत सांगायची, आपली चूक कुणी सांगितली तर ती ऐकायची, ठरलेल्या क्रमाने ठरलेले शब्द उच्चारायचे. एकट्याने निर्णय घेण्याची सवय जितकी मुरते तितकं हे जड जातं. म्हणजे तुझ्या कौशल्याचा मुद्दा खरा असूनही तो थांबण्यापेक्षा लवकर निघण्याच्या बाजूने पडतो.

दुसरा आक्षेप ताईचा असणार: हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कशाला लागायचं? आणि रीजनल कंपन्यांचं एकंदर चरित्र पाहिलं तर तिची भीती अगदी रास्त आहे. या कंपन्यांचं नाव विमानाच्या दाराशी बारीक अक्षरांत असतं. तिकीट विकते मोठी एअरलाइन, मार्ग आणि वेळापत्रक ठरवते तीच, आणि लहान कंपनीला ठरलेली रक्कम देते. करार गेला की कंपनी गेली. एप्रिल २०२० मध्ये ट्रान्स स्टेट्स आणि कंपास बंद झाल्या. युनायटेडने आपलं काम कम्युटएअरकडे वळवल्यावर सप्टेंबरअखेर एक्सप्रेसजेटची युनायटेडसाठीची उड्डाणं थांबली. तिथल्या ज्येष्ठता याद्या एका दिवसात रद्दी झाल्या. उलट दोनच वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, स्कायवेस्टने वैमानिक नाहीत म्हणून २९ लहान शहरांची सरकारी अनुदानावरची सेवा सोडण्याची नोटीस दिली. मग २०२४ मध्ये मोठ्या एअरलाइन्सनी भरती आवरती घेतली आणि रीजनलमधली पुढे सरकणारी रांग मंदावली. हा धंदा असाच हेलकावतो, त्यामुळे रीजनलच्या यादीतल्या क्रमांकासाठी जाऊ नकोस, हे ताईचं म्हणणं मला मान्य. पण एक्सप्रेसजेट बुडाली तेव्हा तिच्या वैमानिकांचे तास तिच्याबरोबर बुडाले नाहीत. ज्यांच्याजवळ हजार होते ते दुसरीकडे कॅप्टनच्या खुर्चीसाठी पात्र राहिले.

तिसरा मार्ग तू सुचवतोस तो फीडरमधूनच, म्हणजे लहान गावांना माल पोहोचवणाऱ्या तुझ्या सध्याच्या नोकरीतूनच, थेट मोठ्या कार्गोत जाण्याचा. फेडेक्सने २०१८ मध्ये ‘पर्पल रनवे’ नावाने तशी वाट आखून दिली, आणि भरती जोरात असताना ती चांगलीच होती. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये माल घटला, वैमानिक जास्त झाले, तेव्हा त्याच फेडेक्सने आपल्या वैमानिकांना पीएसए या रीजनल एअरलाइनकडे जाण्याची संधी दाखवली! सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन टपाल खात्याचं मोठं कंत्राटही फेडेक्सकडून यूपीएसकडे गेलं. वाट पुन्हा रुंद होईलही, पण ती कधी होईल हे तुझ्या हातात नाही. शिवाय २०१४ पासून लागू झालेल्या ड्युटी आणि विश्रांतीच्या नव्या नियमांतून मालवाहू एअरलाइन्सना वगळलं आहे. मोठ्या कार्गोत हबवर जागून काढाव्या लागणाऱ्या रात्री पन्नाशीत कशा सोसतील याचाही विचार कर. रीजनलमधले १००० तास हाताशी असले तर कार्गोचं दार बंद होत नाही.

पगाराबद्दल फार लिहीत नाही. जून २०२२ मध्ये एन्व्हॉय आणि पीडमाँटने पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरला तासाला ९० डॉलर जाहीर केले, तेव्हापासून ‘रीजनल म्हणजे उपासमार’ हे जुनं वाक्य लागू राहिलेलं नाही.

माझं म्हणणं खरोखर लंगडं पडतं ते घराच्या बाबतीत. सकाळी माल घेऊन लहान गावी जायचं, दिवसभर तिथे थांबायचं, संध्याकाळी परतून घरी झोपायचं आणि शनिवार-रविवार बहुतेक मोकळे, असं आयुष्य एअरलाइनमध्ये नव्या माणसाला बरीच वर्षं मिळत नाही. आधी रिझर्व्ह, म्हणजे बोलावणं येईपर्यंत तयार राहणं, मग चार-चार दिवसांच्या फेऱ्या, आणि बेस दुसऱ्या शहरात मिळाला तर कामावर पोहोचण्यासाठीच विमान. तुला मोठ्या विमानाची मनापासून ओढ नसेल, तर हजार तासांचा माझा सगळा हिशोब गैरलागू आहे आणि तू आहेस तिथे थांबावंस. त्यात कमीपणा काही नाही. तीस-तीस वर्षं आनंदाने कॅराव्हॅन चालवणारी माणसं आहेत. फक्त, ‘अजून थोडे दिवस’ म्हणून थांबू नकोस. तू तिशीच्या आत आहेस आणि निवृत्तीचं वय ६५ आहे. मोठ्या एअरलाइनमध्ये उशिरा लागलेलं प्रत्येक वर्ष शेवटी सर्वांत चांगल्या पगाराच्या वर्षांतून वजा होतं.

गेलास तर मुलाखतीत बोनस किती याआधी फर्स्ट ऑफिसर महिन्याला प्रत्यक्षात किती तास उडतो ते विचार. कॅप्टन कमी आणि फर्स्ट ऑफिसर जास्त अशी स्थिती असेल तर रिझर्व्हवर बसून पगार मिळतो, तास मिळत नाहीत, आणि मग जाण्याचं कारणच उरत नाही. ती कंपनी कोणत्या मोठ्या एअरलाइनसाठी उडते आणि करार कधी संपतो तेही विचार. एटीपीसाठी दोन इंजिनांवरचे ५० तास लागतात. त्यातले किती सिम्युलेटरवर चालतील आणि खर्च कोण करणार, हे लेखी घे. ट्रेनिंगच्या कराराची प्रत मला पाठव. मध्येच सोडल्यास किती पैसे परत करायचे, हे कलम मला वाचायचं आहे.

ताईला मी वेगळं लिहितो.

तुझा,
सुधामामा